तुपाच्या वातीचं इंजिन

बिघडलेली वस्तू दुरुस्त झाली म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलंय का तुम्ही? आनंदाचं नव्हे हो. आनंदाचं सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. मी दुसऱ्या पाण्याबद्दल विचारतोय.

मी पाहिलंय. आणि दुरुस्त झालेली ती वस्तू मीच होतो.

मी एक इंजिन बोलतोय. खेळण्यातलं म्हणा हवं तर, पण किल्लीचं नव्हे आणि सेलचंही नव्हे. माझ्या पोटात खरं पाणी उकळतं, त्याची खरी वाफ होते आणि त्या वाफेवर माझी चाकं फिरतात. हातभर लांब अंग, पितळी पोट, पुढे काळं धुराडं आणि त्याच्यामागे शेंगदाण्याएवढी शिट्टी. पोटाखाली स्पिरिटचा दिवा बसतो, त्याला वाती लागतात. पाठीवर पाणी ओतायचं एक तोंड आहे आणि त्या तोंडावर आट्यांचं छोटंसं झाकण. बोराच्या बीएवढं. पण ते झाकण नसेल, तर सगळी वाफ तिथूनच निघून जाते आणि मी जागचा हलत नाही. हे झाकण लक्षात ठेवा.

मला घडवलं मुंबईच्या रेल्वे कारखान्यातल्या एका फिटरने. दिवसभर तो खरी इंजिनं उघडायचा आणि घरी आल्यावर खिडकीशी बसून मला एकेक तुकडा जोडायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. रविवारी तो मला पेटवायचा आणि चाळीच्या गॅलरीत सोडायचा. मी निघालो की माझ्यामागून चालत यायचा आणि म्हणायचा, "सावकाश, सावकाश. घाई कुठे आहे आपल्याला?" माणसाचा आवाज पोटातल्या उबेसारखा असतो, हे मला तेव्हाच कळलं.

तो गेला. त्याच्या पुतण्याने मला पनवेलच्या एका बंगल्यात विकलं. तिथे मला काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे यायचे, काचेवर बोट टेकवायचे, "वा, अगदी खऱ्यासारखं!" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. मी खराच होतो, पण हे सांगणार कसं? मला पाणी घातल्याशिवाय बोलता येत नाही. त्या घरात मला कुणी पाणी विचारलं नाही.

मग त्या घरातल्या शार्दूलने एका दुपारी कपाट उघडलं आणि मला जिन्याच्या वरच्या पायरीवरून सोडलं. मूल होतं ते, त्याचा काय दोष. पण माझी वाफेची नळी तुटली, धुराडं वाकडं झालं आणि एक दांडा निखळला. मला बागेतल्या माळीबुवाच्या खोलीत टाकलं. तिथून खताच्या रिकाम्या पोत्यांबरोबर मी दादू भंगारवाल्याच्या दुकानात आलो. एका बाजूला फुटक्या बादल्या, दुसऱ्या बाजूला सायकलचे सांगाडे. पावसाचं पाणी पत्र्यातून थेंबथेंब माझ्या पाठीवर पडायचं. कुणीतरी पाणी घालतंय, असं मी स्वतःलाच सांगायचो.

कुमुदताई मला भेटल्या त्या तिथे.

आईचा जुना स्टोव्ह भंगारात द्यायला त्या आल्या होत्या. आई वारली होती आणि घरात गॅस आला होता. केसांत रुपेरी बटा, सुती साडी, खांद्याला पिशवी. दादूने स्टोव्ह उलटा करून पाहिला. ताई निघणार, एवढ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मला उचललं, माझ्या शिट्टीला तोंड लावलं आणि फुंकर मारली.

आवाज कसला, धुळीतून आलेली एक बारीक किंकाळी. पण ताई थांबल्या.

"हे वाजतं?"

"फुंकलं की वाजतं. आपलं आपण वाजायला वाफ पायजे. नेता का ताई? शोकेसला बरं दिसेल."

"शोकेस नाही माझ्याकडे," ताई म्हणाल्या. मग स्टोव्हकडे बोट दाखवून, "त्या स्टोव्हच्या बदल्यात देता का?"

दादू हसला. "घ्या. आन दुरुस्तीला स्टोवाल्या गुणाबाईकडं न्या. पितळेला तिचाच हात चालतो."

आईचा स्टोव्ह देऊन ताईंनी मला घरी आणलं, ते का, हे मला पुढे हळूहळू उमगलं. ताई पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावायचा, समोरच्या बोर्डावर दोरी खोचायची, "मुंबई लागलीय, बोला," म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही, हा तिथला नियम आणि ताईंनी तो कधी मोडला नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं माणूस गेलं, सगळं त्यांच्या हातून जोडलं जायचं आणि त्यांच्या कानाआडून निघून जायचं. पण निदान "हॅलो ताई, कशा आहात?" एवढं तरी गाव म्हणायचं. मग आपोआप लागणारे फोन आले. ताईंना बिलांच्या टेबलावर बसवलं. तिथे कुणी हॅलो म्हणत नसे. घरी यावं तर कुलूप आपणच उघडायचं.

आपलं आपण वाजणारं काहीतरी घरात असावं, एवढंच त्यांना वाटलं असावं.

गुणाबाईंची टपरी भाजी मार्केटच्या कोपऱ्यावर होती. वर पत्रा, आत फळीवर बर्नर, पिना, पंपाच्या दांड्या आणि वायसरांचे डबे. नवऱ्यामागे हा धंदा त्यांनीच चालवला होता. कपाळावर गोंदण, नाकात जुनी फुली, आवाज असा की समोरच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईकही वळून बघावं.

"ह्यो काय आनलास गो बाय? स्टो हाय का तोफ?"

"इंजिन आहे. वाफेचं. होईल का दुरुस्त?"

गुणाबाईंनी मला उलटंपालटं केलं. त्यांच्या बोटांना रॉकेलचा वास होता. खूप दिवसांनी कुणीतरी मला पोटाखाली हात घालून नीट धरलं.

"स्टो हवा धरतो, ह्यो वाफ धरंल. हवा काय आन वाफ काय, सारखाच. कुठशी आनलास?"

"दादूकडून. आईचा स्टोव्ह दिला त्याला."

गुणाबाईंचे हात थांबले. "आयशीचा स्टो भंगारात घातलास? मी हितं काय मेलंय व्हतं का?"

ताईंची मान खाली गेली. "चुकलंच माझं."

"चुकला तर चुकला. बस हितं खोक्यावर. उभी नको ऱ्हाऊ, गिऱ्हाईक नाय तू."

ताई रॉकेलच्या खोक्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पुन्हा बसल्या. मग ते खोकं त्यांचंच झालं.

गुणाबाईंनी माझी नळी जोडली, धुराडं सरळ केलं आणि दांड्याला नवी खीळ घातली. पण पिस्टनपाशी वाफ गळत होती. तिथे त्यांनी आपल्या हिशेबाने स्टोव्हचा चामडी वायसर कापून घातला. हवा काय आन वाफ काय! मला पेटवलं, पाणी तापलं आणि ते चामडं माझ्या पोटाशी मस्त शिजायला लागलं. असा वास सुटला की समोरची भाजीवाली रंभा उठूनच आली.

"कोनाचा मटन शिजतंय गो?"

"ह्या बामनाच्या पोरीचा," गुणाबाई म्हणाल्या.

ताईंनी नाकाला पदर लावला होता. त्या पदराआड त्या हसायला लागल्या. आधी दाबून, मग खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग स्वतःच दचकून गप्प झाल्या. आपल्या घरात अनोळखी पाऊल वाजावं तसा त्यांना आपला हसण्याचा आवाज वाटला असावा.

"हस गो," गुणाबाई म्हणाल्या. "पैसं नाय लागत."

मग चामडं काढून तिथे कापूस ठासायचं ठरलं. घट्ट पिळाची वात हवी होती. वाती म्हटल्यावर ताईंचा चेहरा उजळला. आई चातुर्मासात देवळासाठी वाती वळायची, तो कापूस घरात अजून होता. ताईंनी तिथेच बसून पोटरीवर तळहात फिरवत इतकी सुबक वात वळली की गुणाबाईंनी ती उजेडात धरून पाहिली.

"आता ह्याला चरबी चोलायला पायजे. म्हंजे वाफ खात नाय."

"चरबी?" ताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "तूप चालेल का हो?"

गुणाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बोलू नये ते सारं पाहण्यात आलं. मग म्हणाल्या, "देवाला चालते तर याला का नाय चालनार? आन."

अशी मला साजूक तुपाची वात लागली. जगात दुसऱ्या कुठल्या इंजिनाला हे सुख मिळालं असेल असं वाटत नाही. वाफ चढली की कढवलेल्या तुपाचा वास सुटायचा आणि रंभा म्हणायची, "आज परसाद हाय वाटते." तूप पातळ होऊन वाहून जायचं, वात सैल पडायची आणि पुन्हा वात, पुन्हा तूप. त्यामुळे काम लांबत गेलं. कुणालाच घाई नव्हती. ताई डब्यातून थालीपीठ आणायच्या, गुणाबाई भाजलेले चिंचोके द्यायच्या. एक्स्चेंजमध्ये ताईंनी जे ऐकलं नव्हतं, ते सगळं गुणाबाईंनी त्यांना सांगून टाकलं. सासू कशी होती, मिठागरात पाय कसे फाटायचे, जमीन गेली तेव्हा कोण कसं वागलं. ताई ऐकायच्या. आता त्यांना बाजूला व्हावं लागत नव्हतं.

एकदा ताई मला पिशवीत घेऊन आल्या, तर टपरीच्या आत गुणाबाईंचा मुलगा बोलत होता. अनंता. ओवे गावाला घर होतं त्याचं, कंपनीत नोकरी होती. ताई बाहेरच थांबल्या.

"आये, स्टो कोन नीट करतंय आता? घरोघरी ग्यास आला. रातची एकटी झोपतंस हितं, मना झोप येत नाय तिकडं. चल ओव्याला."

"येतंय रं. बायचा इंजिन हातात हाय. त्यो झाला का येतंय."

"मंग लवकर कर तो इंजिन."

पिशवीच्या बंदांवरची ताईंची मूठ घट्ट झाली, ते मला आत कळलं. इंजिन झालं की गुणाबाई जाणार. एवढं साधं होतं ते. आतापर्यंत मी ताईंना गुणाबाईंकडे नेणारी वस्तू होतो. आता गुणाबाईंना ताईंपासून तोडणारी वस्तू मीच होणार होतो, फक्त बरा व्हायचा अवकाश.

आणि मी बरा होत आलो होतो. ताईंनी जुनी, मऊ कापडाची चिंधी मेणात भिजवून वातीवर गुंडाळायची युक्ती काढली होती आणि गळती जवळजवळ थांबली होती. त्या दिवशी गुणाबाईंनी नळीचा नट आवळला आणि म्हणाल्या, "घरी पेटवून बग. नाय गळला, तर झाला म्हन."

घरी आल्यावर ताईंनी मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. पेटवलं नाही. मग सांडशी घेतली, गरम पातेलं उतरवायची, तीच. आणि ज्या बाईने जन्मात कुणाचा फोन चोरून ऐकला नाही, तिने माझ्या नळीचा नट सैल केला. सांडशी दोनदा घसरली. पितळेवर ओरखडे उठले.

मला दुखलं नाही. पण मी चालण्यासाठी जन्मलोय हो. गॅलरीत माझ्यामागून चालत येणारी ती पावलं मला अजून आठवतात. पुन्हा चालावं असं मला वाटत नसेल का? आणि तरी त्या वेळी मी मनात म्हणालो, घट्ट फिरवा ताई, अजून थोडा सैल होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "गळतंय अजून." त्यांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. त्या माझ्याकडे बघून बोलल्या, गुणाबाईंकडे नाही.

गुणाबाईंनी नट पाहिला. ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. पान्याची खूण कुठली आणि सांडशीची कुठली, हे पितळेत आयुष्य काढलेल्या बाईला सांगायला नको. मला वाटलं, आता संपलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आटा झिजलाय. धरत नाय. उद्या बगू."

माझा आटा ठणठणीत होता. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. ताईंना मात्र वाटलं की आपलं खोटं पचलं.

तेव्हापासून रोज हेच. टपरीत नट घट्ट व्हायचा, घरी सैल व्हायचा. रंभा म्हणायची, "ह्यो इंजिन हाय का जुनाट दुखना? बराच होत नाय!" सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत.

दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली. एका संध्याकाळी अनंता आला, तो उभ्यानेच बोलला.

"आये, खऱ्या रेल्वेचा इंजिन पन इतक्या दिसांत नीट होते. चिंगी चालाया लागली काल. माजी लेक उभी ऱ्हायली, दोन पावलं टाकली आन बसली. सगल्यांनी बगितला. आजीनं नाय बगितला."

गुणाबाई बर्नर पुसत राहिल्या, पण ज्या जागेवर पुसत होत्या ती जागा कधीच स्वच्छ झाली होती.

ताई खोक्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांनी मला फळीवर ठेवलं. मग त्या उठल्या.

"अनंता, आज होईल तुमच्या आईचं काम. आत्ताच होईल."

त्यांनी पाना उचलून गुणाबाईंच्या हातात दिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताईंनी काही कबूल केलं नाही, गुणाबाईंनी काही विचारलं नाही. एकच वळसा दिला त्यांनी नटाला. एवढंच तर राहिलं होतं.

शेजारच्या बंद दुकानाचा गुळगुळीत फरशीचा ओटा होता. तिथे मला ठेवलं. ताईंनी पाणी घातलं, झाकण लावलं, वाती पेटवल्या. रंभा आली, तिच्या मागून दोन गिऱ्हाइकं आली. पोटात ऊब चढत गेली. तुपाचा वास आला. दांडा एकदा अडखळला, मग पुढे सरकला, आणि मी निघालो.

"अगो, चालला बग!" रंभा ओरडली.

मी चाललो हो. त्या ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि माझ्यामागून कुणीतरी चालत होतं. वाकून, हात पुढे धरून, पडलो तर झेलायला. ताई होत्या. टोकाशी त्यांनी मला धरलं आणि शिट्टीची तार ओढली. माझा मी वाजलो. मार्केटभर ऐकू गेलं असेल.

शिट्टी थांबली तसं सवयीने ताईंच्या तोंडून निघून गेलं, "बोला."

गुणाबाईंनी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. ताईंनी पुसले नाहीत, ते वाहू दिले. तेच ते पाणी, मी सुरुवातीला तुम्हांला विचारलं ते.

"उद्या सकाली टेंपो आनतंव," अनंता हळूच म्हणाला आणि निघून गेला.

मी निवल्यावर गुणाबाईंनी मला पदराच्या टोकाने पुसलं. चाकं, धुराडं, शिट्टी. मग त्यांची बोटं माझ्या पाठीवरच्या झाकणापाशी आली आणि फिरवू लागली. मला वाटलं घट्ट करतायत. पण त्या उलटं फिरवत होत्या. झाकण निघालं, त्यांनी ते मुठीत धरलं आणि मूठ कनवटीला नेली. ताई तेव्हा पिशवी उघडत होत्या. त्यांनी पाहिलं नाही.

"जा गो बाय," गुणाबाई म्हणाल्या. "येत जा."

"कुठे येऊ?" ताई म्हणाल्या आणि मला घेऊन निघाल्या.

घरी त्यांनी मला खिडकीत ठेवलं आणि पाठ फिरवून आडव्या झाल्या. दिवा लावला नाही, जेवल्या नाहीत. मी उघड्या तोंडाने तसाच बसलो होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की ताई, बघा, माझं झाकण गेलंय, ते पडलेलं नाही, नेलेलं आहे. पण झाकणाशिवाय वाफ नाही आणि वाफेशिवाय मला आवाज नाही. ताई भोळ्या. वाटेत पडलं असं समजल्या, तर रस्ता धुंडाळतील, हळहळतील आणि मला कायमचं खिडकीत ठेवून देतील. काचेचं कपाट मी भोगलेलं होतं. तसं एकटेपण पुन्हा नको होतं, मला आणि त्यांनाही. ओरखडे बघून ज्या बाईला कळलं, तिची खूण या बाईला कळेल का? एवढ्याच एका गोष्टीवर सगळं येऊन ठेपलं होतं.

आता माझं वय झालंय. पितळ काळवंडलंय आणि आजही मला पुरतं दुरुस्त म्हणता येणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हांला मात्र एक विनवणी आहे. तुमच्याही माळ्यावर काहीतरी मोडकं पडलेलं असेल. ते भंगारात घालू नका आणि कपाटातही ठेवू नका. हातात घ्या आणि कुणाकडे तरी घेऊन जा. बसायला खोकं मिळालं, तर बसा. दुरुस्ती होईल तेव्हा होईल.

तर झाकण गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताईंनी मला पुसायला घेतलं, त्यांचं बोट रिकाम्या तोंडावर थांबलं, आणि उलटं फिरवल्याशिवाय हे झाकण निघत नाही हे आठवून त्या हसल्या. मग त्यांनी ऑफिसात रजेचा निरोप धाडला, मला टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत थोडा कापूस आणि तुपाची वाटी घेतली आणि ओव्याला जाणाऱ्या एसटीत बसल्या.